भोके शेवटी पाडावीत

जुने सोबती जमले की लोक शाळेच्या, लग्नाच्या, फार तर ऑपरेशनच्या गोष्टी काढतात. आमच्या गप्पा भोकांवर येतात. मी, श्रीधर आणि फ्रान्सिस असे तिघं एका जागी बसलो की चहा येण्याआधीच कोणीतरी म्हणतं, "ते कल्याणच्या सेटचं भोक आठवतं का रे?" की लगेच आमच्या बायका उठून आत जातात. त्यांचंही बरोबर आहे. ड्रिल मारलं की खाली पत्र्याचा कीस पडतो. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आहेच. तसे हे किस्से साठत गेले, मुद्दाम कोणी साठवले नाहीत.

गोष्टी पन्नासच्या दशकातल्या. ठाण्यात नौपाड्याला नानांचा रेडिओचा कारखाना होता. कारखाना हा शब्द नानांचा. खरं म्हणजे ती घराची ओटी होती. एक लांब टेबल, एक हातानं फिरवायचं ड्रिल आणि आम्ही.

रेडिओ म्हणजे गाणी आणि बातम्या, असं ऐकणाऱ्याला वाटतं. बनवणाऱ्याला विचारा! रेडिओ म्हणजे भोकं. व्हॉल्व्ह बसवायला भोकं, ट्रान्सफॉर्मर बसवायला भोकं. हे सगळं ज्या पत्र्याच्या खोक्यावर बसतं त्याला आम्ही चासी म्हणायचो. ती चासी लाकडी पेटीत घट्ट कसायची, तर तिच्या चार कोपऱ्यांना चार भोकं. बाकीची भोकं कशीही पडायची. या शेवटच्या चार भोकांनी मात्र आमचा जीव खाल्ला.

*

घर आक्कांचं होतं. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. घरात ही दोघंच. नानांनी गिरणीतली वायरमनची नोकरी सोडून ओटीवर रेडिओदुरुस्ती मांडली, तेव्हा आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे एकदा ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा बोलल्या.

"हे बघ नाना, मी रिटायर झाले की इथं शिवणाचा वर्ग काढणार आहे. उजेड चांगला आहे. तोवर ओटी तुझी."

"आणि त्यानंतर?"

"तोवर तुझा स्वतःचा रेडिओ झाला तर पुढेही तुझी. लोकांचे दुरुस्त केलेले मला सांगू नकोस. तू बनवलेला. माझ्या दिवाणखान्यात आठ दिवस वाजला पाहिजे. आणि त्या आठ दिवसांत तू तो एकदाही उघडायचा नाही!"

शेवटची अट ऐकून नानांचा चेहरा उतरला. त्यांना बंद वस्तू बघवतच नसे. घड्याळ, कुलूप, स्टोव्ह, जे हाती येईल ते उघडायचे. शेजारच्या काकूंचा कुंकवाचा करंडा झाकण फिरत नाही म्हणून दाखवायला आणला, तर यांनी त्याचे तीन भाग करून दिले.

पण आक्का बोलल्या म्हणजे बोलल्या. ओटी गेली असती तर नानांना परत गिरणीत जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली फ्यूज बदलत बसावं लागलं असतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी डोंबिवलीहून यायचो आणि सोल्डरिंग करायचो. मला कुठेही काम मिळालं असतं, पण नानांसारखा माणूस मिळाला नसता, म्हणून मीही चिकटून राहिलेलो.

*

आमच्या पेट्या कोपरीचा फ्रान्सिस बनवायचा. हात असा की लाकडाचा सांधा शोधून सापडायचा नाही. फक्त त्याची घडीची फूटपट्टी जुनी होती आणि तिचा पहिला इंच तुटून गेलेला. नवी घे म्हटलं की म्हणायचा, "कशाला? मना म्हायत हाय ना, एक वजा करायचा!"

नानांनी एकदा नवी चासी बनवायला घेतली, तेव्हा फ्रान्सिसनं पेटीचं माप घेतलं, एक इंच वजा केला आणि आकडा सांगितला. नानांना वाटलं, हा नेहमीसारखा विसरला असणार. त्यांनी आणखी एक वजा केला. चार भोकं पाडली, चासी पेटीत ठेवली, तर पेटीची भोकं एकीकडे आणि चासीची दुसरीकडे! दोघंही एकमेकांना म्हणत होते, "मी वजा केला होता!" आणि दोघंही खरं बोलत होते.

आक्का दारात उभ्या होत्या. हातात कोणाचा तरी बिनबटणांचा सदरा.

"मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते," त्या म्हणाल्या, "काज शेवटी. आधी शिवा, अंगाला लावून बघा, मग काज करा. तुम्ही काज करून बसलात आणि आता त्यांच्यासाठी सदरा शोधताय!"

नानांना हे इतकं पटलं की त्यांनी संध्याकाळी ऑइलपेंटनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भोके शेवटी पाडावीत.' तेव्हापासून आम्ही आधी सगळा सेट बांधायचो, पेटीत ठेवून बघायचो आणि मगच कोपऱ्यांत खुणा करायचो. कित्येक वर्षं या नियमानं आम्हाला तारलं. गिऱ्हाइकं भिंत वाचून गालात हसायची, पण नाना हटले नाहीत.

*

नियमाआधीच्या काळात चुकून पडलेल्या भोकांचं काय करायचं, हा प्रश्न नानांनी फार सोपा करून टाकला होता. कोणी विचारलं, "हे भोक कशाला?" की ते शांतपणे म्हणायचे, "हवेसाठी."

पुढे पुढे तर त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. चूक न होताही ते पेटीच्या तळाच्या फळीला भोकं पाडायला लागले. हवा खेळली पाहिजे, म्हणायचे. फ्रान्सिसला ते बघवायचं नाही. तो तेवढ्या वेळापुरता तोंड फिरवून विडी ओढत बसायचा.

कल्याणला एका किराणा दुकानदाराला आम्ही असा हवेशीर सेट दिला होता. महिन्याभरात तो स्टेशनवरून टांगा करून सेट घेऊन हजर. आवाज फाटतोय म्हणाला. मागची फळी काढली, तर आत उंदरीण! तिची गुलाबी पिल्लं ट्रान्सफॉर्मरला टेकून ऊब घेत झोपलेली. भोवती दुकानातल्या गोणपाटाचे धागे, दोन शेंगदाणे, सगळा संसार मांडलेला.

दुकानदार लालबुंद झाला. आम्ही माना खाली घातल्या. आता नाना माफी मागणार, असं मला वाटलं.

नाना वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शेटजी, बाळंतीण राहते म्हणजे बघा, आपला सेट जास्त तापत नाही!"

*

वॉशर मिळायची मारामार असायची. पत्रा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये काहीतरी घालावं लागायचं, नाहीतर सगळं घरघरायचं. एकदा डिलिव्हरीची वेळ झाली आणि वॉशर संपलेले. नानांनी इकडे तिकडे पाहिलं, शर्टाचं एक बटण तोडलं आणि घातलं बोल्टखाली. घरघर बंद!

मग ती सवयच लागली. नानांच्या अंगावर पूर्ण बटणांचा शर्ट आम्ही कधी पाहिला नाही. आक्का रात्री लावायच्या, नाना दुपारी तोडायचे. "शिंपल्याचं बटण," ते आम्हाला समजावून सांगायचे, "वीज जाऊ देत नाही, गंजत नाही, आणि नेहमी जवळच असतं."

हे बटणांचं प्रकरण आक्कांना बराच काळ ठाऊक नव्हतं. नाना शर्ट ओढून काढतो म्हणून बटणं तुटतात, अशी त्यांची समजूत. मग डोंबिवलीचे एक पेन्शनर सेट घेऊन आले. त्यांनी घरी हौसेनं मागची फळी उघडून पाहिली होती. नाना नव्हते, म्हणून आक्काच पुढे आल्या.

"आवाजाबद्दल तक्रार नाही," पेन्शनर म्हणाले, "पण बाई, आत कोणाचा तरी शर्ट आहे."

आक्कांनी आत डोकावून पाहिलं. बटणाला अजून दोरा लोंबत होता. त्यांनी तो चिमटीत धरला, उजेडात नेला आणि म्हणाल्या, "हा तर माझाच दोरा!" त्या दिवशी नानांना सगळ्या सेटचा हिशेब द्यावा लागला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपली बटणं कुठे कुठे पोचलीत, हे ऐकून आक्का हसायला लागल्या आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या.

*

आक्का कोणालाच भ्यायच्या नाहीत, फक्त विजेला भ्यायच्या. लहानपणी कुठेतरी झटका बसला होता म्हणे. घरात दिवा लावायचा तरी आधी जेवायचा लाकडी पाट आणायच्या, त्यावर उभ्या राहायच्या, पदरानं हात पुसायच्या आणि डोळे मिटून बटण दाबायच्या. पाट घरात कुठे आहे यावरून आक्कांनी शेवटचा दिवा कोणता लावला, ते कळायचं.

आमच्याकडे नवीनच आलेल्या श्रीधरला हे बघून वाईट वाटलं. त्यानं त्यांना नीट समजावलं. साध्या बॅटरीचा सेट असेल तर घाबरण्यासारखं काहीच नसतं. "आक्का, अहो, त्यानं मुंगीसुद्धा मरत नाही."

"मुंगीला विचारलंस का?" आक्का म्हणाल्या आणि पाट आणायला गेल्या.

*

आता श्रीधरबद्दल सांगायला हवं. तोही डोंबिवलीचा. मुंबईत तांत्रिक शिक्षण घेतलेला, ड्रॉइंग अफलातून. रेषा काढायला बसला की जेवायचं विसरायचा. माणसापेक्षा वस्तूकडे आधी बघायचा. स्वभाव अगदी गरीब.

त्याला कल्याणला मुलगी बघायला नेलं, तेव्हा मोठं माणूस म्हणून नाना बरोबर गेलेले आणि मी उगाच. कांदेपोहे आले, मुलगी आली, तिचं नाव कुमुद. सगळे तिच्याकडे बघतायत आणि आमचा नवरदेव कोपऱ्यातल्या रेडिओकडे बघतोय. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काही विचारायचंय का?"

श्रीधर म्हणाला, "हो. याची मागची फळी थरथरतेय. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावण्याऐवजी खुर्ची रेडिओजवळ ओढली. मुलगी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं! पण ती परत आली ती हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. दोघंही रेडिओमागे वाकले, फळी घट्ट झाली, थरथर थांबली.

परत निघताना वडिलांनी धीर करून नानांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "मुलाला मुलगी कशी वाटली?" नानांनी श्रीधरला हाक मारून तेच विचारलं.

श्रीधर लाजला. म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर बरोबर नंबरचा आणला."

लग्न लगेचच्या मुहूर्तावर झालं.

*

आक्कांच्या रिटायर होण्याला वर्षभर उरलं होतं. नानांचा स्वतःचा रेडिओ अजून नव्हताच. आमचे सेट म्हणजे इकडून तिकडून जमवलेले सुटे भाग. आत तारांचा हा गुंता! नाना म्हणायचे, हा माझा नव्हे, हा बाजाराचा.

त्याच सुमारास नानांचा बोटीवर नोकरी करणारा मित्र परदेशातून एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन आला. नानांनी तो उघडला, हे सांगायला नकोच. आत तारा नव्हत्या! एक तपकिरी पाटी आणि तिच्यावर तांब्याच्या रेषा छापलेल्या. त्या रेषा म्हणजेच तारा. नाना आणि श्रीधर दोघंही जमिनीवर बसले. "दत्तू," नाना मला म्हणाले, "हे आपण करायचं. हा माझा रेडिओ."

पुढच्या खेपेला मित्रानं तशी एक कोरी पाटी आणून दिली, एका बाजूला पूर्ण तांबं चिकटवलेली. बरोबर व्हॉल्व्हच्या जागी बसणारे चिमुकले ट्रान्झिस्टर आणि चार तुकडे सरावासाठी. पुढची बोट कधी येईल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. करायचं ते असं. तांब्यावर रंगानं रेषा काढायच्या आणि पाटी एका पाण्यात बुडवायची. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं, रंगाखालचं तेवढं राहतं. ठाण्यातल्या एका छापखान्याचा ब्लॉकमेकर चित्रं छापायचे तांब्याचे ठसे असेच करायचा. त्याच्याकडून आम्ही ते पाणी बरणीत आणलं.

"धातूचं काही बुडवू नका!" नानांनी सगळ्यांना बजावलं. मग पाणी ढवळायला हाताशी काही नाही म्हणून स्वतःच देवघरातली पळी घेऊन आले. तांब्याची! सरावाचे तुकडे झकास झाले. पळी धुऊनपुसून परत देवघरात गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का पूजेला बसल्या आणि आतून आवाज आला, "नाना, ही पळी बारीक कशी झाली रे?"

नाना जागचे हलले नाहीत. "एकादशी आहे ना आज," ते म्हणाले, "तिचाही उपास असेल."

*

आणि आता त्या रेडिओची गोष्ट.

कोरी पाटी एकच, तेव्हा नानांनी श्रीधरला बजावलं होतं, "दोऱ्याएवढी जागा वाया घालवायची नाही." श्रीधरनं ते फारच मनावर घेतलं. कितीतरी आठवडे तो कागदावर रेषा काढत होता, खोडत होता. शेवटी रूलिंग पेननं त्यानं त्या तांब्यावर जे उतरवलं, ते बघायला आक्कासुद्धा ओटीवर आल्या. कडेपासून कडेपर्यंत रेषा आणि रेषा, कोपरेसुद्धा भरलेले. कुठे एकमेकींना शिवत नव्हत्या, कुठे मोकळी जागा नव्हती. पाटी पाण्यातून निघाली ती चकचकीत. रेषांवर टाचणीएवढी भोकं पाडून मी एकेक भाग सोल्डर केला. बॅटरी जोडली आणि टेबलावर उघडीच ठेवलेली ती पाटी गायला लागली! नाना बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

आक्कांचा निरोपसमारंभ दोन दिवसांवर आला होता. फ्रान्सिस पेटी घेऊन आला. शिसवीची, आरशासारखी. त्याच आठवड्यात त्यानं आक्कांच्या शिवणवर्गासाठी कापड बेतायचं टेबलही बनवायला घेतलं होतं. त्याचं म्हणणं, "दोगंबी आपलीच मानसं. कोनबी जिंको, लाकूड माजं!"

त्यानं तळहातावर चार स्क्रू धरले आणि म्हणाला, "चला, कुठं लावू?"

आम्ही पाटीकडे बघितलं. पाटी आमच्याकडे बघत होती. या कोपऱ्यात भोक पाडावं तर तीन रेषा तुटतात, त्या कोपऱ्यात पाडावं तर पाच. कडेला पाडावं तर कडेलाही रेष. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'भोके शेवटी पाडावीत.' शेवट आला होता आणि भोकाला जागा नव्हती!

श्रीधरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पाटीचं सगळं ड्रॉइंग केलं होतं, फक्त ती पेटीत बसवायची कशी, हे त्यात धरलंच नव्हतं. आमच्याकडे ते शेवटी बघायची पद्धत होती. चूक त्याची एकट्याची नव्हती. पत्र्यात भोक पाडलं तर पत्राच राहतो, इथे भोक पाडलं तर तार तुटते, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"सरस लावतो," फ्रान्सिस म्हणाला.

"मग मी उघडू कसा?" नाना किंचाळले.

शाळेची पाटी चौकटीत बसवतात तशी दोन्ही बाजूंना खाच पाडून सरकवावी, असं मी सुचवलं. पाटी पेटीत धरून बघितली, तर पेटी एक इंच जास्त रुंद! आम्ही फ्रान्सिसकडे बघितलं. तो म्हणाला, "मना वाटलं, या वेळी नाना वजा करतील."

शेवटी श्रीधरला पाटीच्या बरोबर मधोमध दोन रेषांच्या मध्ये एक जागा सापडली. एकच स्क्रू मावेल एवढी. ते भोक त्याला पाडवेना. तो रस्त्यावर जाऊन पाठ करून उभा राहिला, नानांनी ड्रिल फिरवलं. तळाच्या फळीला नानांनी सवयीनं हवेची भोकं पाडलेलीच होती, मधल्यात स्क्रू बसला. पण चारी कोपरे अधांतरी. धक्का लागला की पाटी त्या एका स्क्रूभोवती फिरायची. कोपऱ्यांखाली बाटलीची बुचं सरकवली, मागची फळी लावली आणि देवाचं नाव घेतलं.

निरोपसमारंभाहून आक्का शाल आणि नारळ घेऊन घरी आल्या, तेव्हा दिवाणखान्यात रेडिओ वाजत होता. त्यांनी तो सगळ्या बाजूंनी बघितला. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. "हात लावायचा नाही."

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी आक्कांनी स्वयंपाकघरात खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला घेतलं, आणि प्रत्येक ठोक्याला बातम्या बंद! ठोका, बंद. ठोका, चालू. आतली बुचं निसटली होती, आमच्या लक्षात आलं. नाना आत जाऊन म्हणाले, "आक्का, कूट नको ना करूस."

"मग खिचडीत काय घालू, तुझे स्क्रू?"

पाचव्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी दार आपटलं आणि रेडिओ गप्प झाला. तो गप्पच. आक्का खुर्चीत बसून काजं करत होत्या. त्यांनी मान वर करून रेडिओकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि पुन्हा काजं करायला लागल्या. नाना त्याच्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, की चुकून उघडला जायला नको. मग ते ओटीवर आले आणि भिंतीवरची हत्यारं एकेक काढून खोक्यात भरायला लागले. पक्कड, पोपटपाना, ड्रिल. माझा तर जीव गलबलून गेला. या माणसानं गिरणीत फ्यूज बदलायचे? श्रीधर पायरीवर बसून राहिला होता, त्याला मी ओढून स्टेशनवर नेलं.

सकाळी ओटीवर पाय ठेवतो तर आतून सनई! खणखणीत. नाना दारात नाचत होते. "सांगत नव्हतो? पाटी नवी आहे, तिला बसायला वेळ लागतो! बसली आता!" आक्का मुकाट्यानं खलबत्त्यात कूट करत होत्या. ठोक्यावर ठोके, पण सनई ढिम्म थांबली नाही.

आठवा दिवस उजाडला. आम्ही सगळे जमलो. नाना स्वच्छ परीटघडीचा शर्ट घालून आले, पण पुढे सगळीकडे सेफ्टीपिना. भयंकर वैतागलेले. "त्या धोब्याला आज सोडणार नाही! बघा, आजच्या दिवशी घालायचा म्हणून ठेवलेला शर्ट, चार बटणं गायब!"

"मी बोलते त्याच्याशी," आक्का म्हणाल्या. "तू नको तोंड घालूस."

मग त्यांनी रेडिओकडे बघितलं आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आठ दिवस वाजला. ओटी तुझी. मुली काय, इथं दिवाणखान्यातही शिकतील."

फ्रान्सिसनं टाळ्या वाजवल्या. श्रीधरनं वाकून नमस्कार केला. नानांच्या हातात केव्हाच स्क्रूड्रायव्हर आला होता. "आता उघडू?"

"कशाला? वाजतोय ना? वाजू दे की!" आक्का पहिल्यांदाच घाईघाईनं बोलल्या. पण तोवर नानांनी मागची फळी काढलीसुद्धा होती.

आम्ही चौघांनी आत डोकी घातली.

पाटीच्या चारी कोपऱ्यांखाली चार शिंपल्याची बटणं होती. भाग बसवायला पाडलेल्या बारीक भोकांमधून मेण लावलेला काळा दोरा खाली उतरला होता. बटणातून, मग तळाच्या फळीतल्या नानांच्या हवेच्या भोकातून, आणि पुन्हा वर. चारी कोपऱ्यांना सारखे, घट्ट, एकाला एक लागून टाके. श्रीधर कितीतरी वेळ नाक लावून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "एकही रेष तुटलेली नाही."

रेडिओच्या टेबलाखाली भिंतीला लागून जेवायचा पाट होता.

नानांनी बटणांकडे पाहिलं. मग मान खाली घालून छातीवरच्या सेफ्टीपिनांकडे पाहिलं. मग वळून बहिणीकडे पाहिलं.

आक्कांनी सुईदोऱ्याचा डबा मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"काढ तो शर्ट," त्या म्हणाल्या. "बटणं लावून देते."